प्रतिक्षाचे पाच दिवस

"ताई, तसलं आता कोनीच ठेवत न्हाई," सेनगावच्या पानटपरीवाल्यानं आवाज खाली आणला. "धाडी पडल्या तवापासून बंद. कोनाला पाह्यजे?"

"भावाला."

टपरीवाल्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तुमी साखऱ्याच्या माणिकरावच्या ना? त्याह्यला तर एकच पोरगी हाय."

बाकड्यावरची दोन माणसं वळली. टेलरकडून आणलेल्या ब्लाउजची पिशवी छातीशी धरून प्रतिक्षा झपाझप निघाली.

पुण्यात कॉल सेंटरला असताना रूममेट दिपानं तिला पहिलं व्हेप दिलं होतं. बोटाएवढी नळी. ओढली की आंब्याच्या वासाची, निकोटिनची वाफ, संपली की फेकायची. कायद्यानं बंदी तेव्हाही होती, पण ते घरपोच यायचं. चिडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन घेता घेता तीन वर्षांत तिला त्याशिवाय बसवेना. मग वडिलांनी, माणिकरावांनी, लग्नासाठी गावी साखऱ्याला बोलावून घेतलं. शेवटची नळी संपून आज पाच दिवस झाले होते.

दिपा फोनवर म्हणाली होती, "इथेही पकडापकडी चाललीये. मी तर सिगारेटवर आले. तू पण घे ना."

साखऱ्यात सिगारेट ओढणारी पोरगी! प्रतिक्षाला हसूही आलं नव्हतं.

दुपारी तिला बघायला पाहुणे आले. चहाचा ट्रे पुढं करताना कप वाजायला लागले.

"पोरीचे हात काहून थरथरून राहिले?" मुलाच्या आईनं विचारलं.

"भ्याली असंल," माणिकराव म्हणाले, आणि सगळे हसले. पसंती तिथंच कळवली. तारीखही ठरली. तिला कोणी काही विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर ती मागच्या मोरीजवळ जाऊन बसली. डोकं ठणकत होतं. आई, सोजराबाई, खरकटी भांडी घेऊन आली.

"पाच दिस झाले, पाहून राहिले मी. जेवत न्हाईस, अंगावर येतीस. तुह्या पिशवीत नळी घावली मला."

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. "बाबाला सांगितलं?"

"न्हाई."

"आई, लई तकलीफ व्हते गं. सोडायचंय मला ते. सेनगावच्या डाक्टरकडं जाऊ का?"

"जा. सांजच्याला बापाच्या कानावर येतंय बघ."

सोजराबाईनं भांडी मोरीत ठेवली. मग कमरेची डबी काढली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी मिश्री. चिमूटभर लेकीच्या तळहातावर ठेवली, थोडी आपल्या दातांना लावली.

"दाताला घास. गिळू नको."

प्रतिक्षा त्या भुकटीकडं पाहत राहिली. शेवटी तिनं बोट बुडवलं. हिरड्या जळाल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि हळूहळू डोक्यातला ठणका उतरत गेला. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"सासरी कोनी पाह्यलं तर दात दुखतो म्हन," सोजराबाई म्हणाली. "मीबी तेच सांगितलं व्हतं."

"कवापर्यंत?"

सोजराबाईनं चूळ भरली, मोरीत थुंकली आणि पदरानं ओठ पुसले.

"आजून तेच सांगते."