तोंडावरचा हात

कनकलतेचा स्वभाव संशयी आहे, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नाही, आणि लग्नानंतर सांगायची गरज उरली नाही. भाजीवाल्याचा तराजू तिला कायम वाकडा दिसतो. शेजारच्या घरातली बोलणी थांबली की आपल्याबद्दलच चाललं होतं, असं ती धरून चालते. पण गाणं शिकवण्यात तिचा हात धरेल असं राजवाड्याभोवतीच्या आमच्या गल्ल्यांत कोणी नाही, हे मी तिचा नवरा असूनही सांगतो.

तिच्या वर्गातल्या पोरी यंदा गळायला लागल्या. कोणाची परीक्षा आली, कोणाची बस चुकायला लागली, एकीच्या आजीला अचानक सोबत लागायला लागली. दिवाळी झाली तेव्हा एकटी शांभवी उरली होती. ही आमच्याच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी लोकांतली, दहावीतली पोर. घरी मराठी कळतं पण बोलताना मध्येच तमिळमध्ये शिरते. आवाज मात्र असा की ती गायला लागली की मी पेपर खाली ठेवतो. आम्हाला मूलबाळ नाही. मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, देवळात शांभवीची पहिली कच्चेरी, म्हणजे गाण्याची बैठक, व्हावी आणि आपण मागे तंबोरा धरून बसावं, एवढं एकच कनकलतेनं मनात धरलं होतं. आणि शांभवीची आई आता म्हणायला लागली होती, "थोडे दिवस तिला जयश्रीकडे पाठवूं कां, अक्का?"

जयश्री म्हणजे कनकलतेचीच जुनी शिष्या. लग्न होऊन तिरुवैयारुला गेली आणि तिथे वर्ग चालवते.

"घरचा भेदी!" कनकलता म्हणाली. "मीच सा लावायला शिकवलं तिला, आणि आता माझ्याच पोरी पळवते!"

मला ते पटलं नव्हतं. पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, त्यात दगडाचं काही जात नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. मोठ्यांशी बोलताना, विशेषतः गुरूशी, तोंडापुढे आडवा हात धरायचा. आपला श्वास, आपली थुंकी त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. आजकालच्या पोरी हे कुठल्या करताहेत! पण कनकलतेच्या वर्गात गेल्या वर्षीपासून एकेक पोर तोंडावर हात धरायला लागली होती. सुरुवातीला ही खूश. आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "पाहा, माझ्याकडे अजून वळण आहे." मग पोरी कमी झाल्या तसा तिला त्याच हातांचा संशय यायला लागला.

"हाताआड काय बोलूलागल्यात ह्या?" ती मला विचारायची. "आणि एवढ्या लांब कां बसतात? भिंतीला चिकटून?"

त्यात जयश्रीनं शांभवीच्या हाती लवंगा पाठवल्या. चांगल्या, टपोऱ्या, रेशमी पिशवीत. कनकलतेनं पिशवी चिमटीत धरून मोरीत रिकामी केली. "मंतरलेल्या असतील," म्हणाली. विजयादशमीला शांभवीच्या आईनं वेत्तिलै-पाक्कूच्या, म्हणजे पान-सुपारीच्या ताटात तांब्याची जीभ घासायची पट्टी ठेवली, तेव्हा तर कहर झाला. "माझी जीभ तिखट आहे, असं सुचवते ती बाई," असं म्हणून हिनं ती पट्टी माळ्यावर टाकली.

शेवटी तिनं मला कामाला लावलं. "तुम्ही तिरुवैयारुला जा. देवाला म्हणून जा. आणि जयश्रीच्या घरांत कोण कोण बसलंय तें पाहून या."

निवृत्त माणसाला हेरगिरीला नाही म्हणता येत नाही. टाउन बसनं गेलो. जयश्रीचं घर कावेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आधी चपला मोजाव्यात म्हणून दाराशी रेंगाळलो, तर आतून कनकलतेनं शिकवलेलंच कीर्तन, म्हणजे आमच्याकडची बांधलेली चीज, ऐकू आलं. तिच्याच जागा, तिच्याच हरकती. डोकावलो. परीक्षेची पोर, बसवाली पोर, आजीवाली पोर, सगळ्या मांडी घालून बसल्या होत्या. जयश्रीच्या गुडघ्याला गुडघा लावून. आणि एकीचाही हात तोंडावर नव्हता.

मला राग आला. खरंच आला. बायकोचा संशय खरा निघाला की नवऱ्याला दुप्पट राग येतो.

"बरं चाललंय," मी दारातूनच म्हणालो.

पोरी उठून उभ्या राहिल्या. जयश्रीनं त्यांना परसात पाठवलं, मला खुर्ची दिली, कापी आणून ठेवली आणि समोर उभी राहिली.

"अण्णा, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?" तिनं विचारलं.

"काय ठाऊक नाही?"

"अक्कांच्या तोंडाला वास येतो. फार येतो. पोरींना समोर बसून गातां येत नाही. श्वास धरून आलाप कसा करायचा?" तिचे डोळे भरले होते. "मी लवंगा पाठवल्या. आणखी काय करूं? गुरूला हें कसं सांगायचं? पोरी गाणंच सोडूलागल्या होत्या, म्हणून बसवून घेतल्या. त्यांना अक्कांचंच सगळं म्हणायला लावतें. एक जागा बदलूं देत नाही. परत जातील तेव्हा अक्कांना काही बिघडलेलं दिसूं नये."

मी कापीचा डवरा, ती पसरट वाटी, हातात धरून बसलो. कोरोना झाल्यापासून मला वास म्हणून येत नाही. कापीचा नाही, उदबत्तीचा नाही, गॅस सुटला तरी कळणार नाही. जयश्रीला ते सांगितलं, तर ती "अय्यो" म्हणाली आणि खालीच बसली.

परतीच्या बसमध्ये मी चार तऱ्हेची वाक्यं जुळवली. घरी आलो तर कनकलता दारातच.

"सापडली चोर?"

जुळवलेल्यातलं एकही आठवलं नाही. "जयश्रीनं काही चोरलेलं नाही," मी म्हणालो. "तुझ्या तोंडाला वास येतो. म्हणून पोरी गेल्या."

ती लाल झाली. "हें तिनंच सांगितलं ना? पाहा, कशी कारस्थानी आहे! आधी पोरी नेल्या, आता नवऱ्याला फितवलं!" मग एकाएकी थांबली. लांब बसणाऱ्या पोरी तिच्या डोळ्यांपुढे आल्या असाव्यात, किंवा ते हात. ती आत गेली. मी दारातून पाहिलं. तिनं मनगट चाटलं, वाळू दिलं आणि नाकाशी नेलं.

बाहेर आली तेव्हा पदर तोंडावर होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला वास येत नाही, कनका."

"वास येत नाही," ती पदराआडून म्हणाली. "पोरी लांब सरकत होत्या त्या दिसत होत्या ना?"

दिसत होत्या. मला वाटलं होतं, हिच्या रागाला भिऊन सरकतात. मनातून थोडं बरंही वाटलं होतं, की चला, आपण एकटेच नाही. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. आता वाचेल तर वाचो.

दुसऱ्या दिवशी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी होती, लक्ष्मीप्रिया नावाची. कनकलतेनं बसायच्या आधीच विचारलं, "तिरुवैयारुची जयश्री तुझी कोण लागते?"

"कोणी नाही, मामी," ती हसून म्हणाली.

मग कनकलता माझ्याकडे वळली. "तुम्ही बाहेर जा."

"मी कशाला?"

"जा म्हणतें ना."

मी बाहेर बसलो. बऱ्याच वेळानं डॉक्टरनं मला आत बोलावून सगळं सांगितलं. कनकलतेच्या वरच्या तीन दातांची काढता-घालता येणारी कवळी आहे, हे मला माहीत होतं. ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची असते, हे माहीत नव्हतं. हिनं ती बसवल्यापासून एकदाही रात्री काढली नव्हती. खाली हिरडी सुजलेली, अन्नाचे कण कुजलेले, जिभेवर पांढरा थर. वर रक्तदाबाच्या गोळीनं तोंड कोरडं पडायचं, आणि शिकवताना मध्ये उठावं लागू नये म्हणून ही दिवसभर पाणी पीत नव्हती.

"लवंगेनं वास तासभर दबेल, जाणार नाही," डॉक्टर म्हणाली. "दात घासले तशी जीभही घासा. पाणी प्या. कवळी रात्री तोंडाबाहेर. हिरडी मी साफ केली आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवा."

रिक्षात मी विचारलं, "रात्री का काढत नव्हतीस?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "बोळकं तोंड तुम्हाला दिसलं असतं."

अख्ख्या जगावर संशय घेणारी ही बाई मलाच इतकी भीत होती, आणि मला पत्ता नव्हता. काहीतरी बोलायला हवं होतं. "मी चष्मा काढून झोपतो," मी म्हणालो. "मला तेव्हा तू आहेस की उशी आहे, तेही कळत नाही."

ती हसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली, पण हसली.

घरी येऊन तिनं मला माळ्यावर चढवून ती तांब्याची पट्टी काढायला लावली. तंबोऱ्यासारखा सूर धरणाऱ्या श्रुतिबॉक्सशेजारी पाण्याचा तांब्या आला. जयश्रीला तिनं स्वतः फोन केला. ही म्हणाली, "त्या तिसऱ्या चरणाची जागा तूं चांगली बसवलीस म्हणे. ह्यांनी ऐकलं." माफी मागायची तिची तऱ्हा तेवढीच.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरनं बरं आहे म्हटल्यावर तिनं शांभवीला बोलावलं. शांभवी नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली आणि हात तोंडावर गेला.

"हात खाली," कनकलता म्हणाली. "इकडे ये. अजून. गुडघ्याला गुडघा लाव."

पोर भीतभीत सरकली. कनकलता पुढे झुकली आणि तिच्या तोंडासमोर "हा" करून श्वास सोडला.

"वास येतो?"

शांभवीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. माझा या बाबतीत काही उपयोग नाही. गुरूला असलं उत्तर द्यायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि कनकलतेनं तर नाहीच नाही.

"येतो, अक्का," ती म्हणाली. "थोडा."

मी डोळे मिटले. आता घर डोक्यावर घेणार ही.

कनकलतेनं तांब्या उचलला, पाणी प्यायली, चूळ भरून आली आणि पुन्हा त्याच जागी बसली.

"थोडा म्हणाली," ती मला ऐकू जाईल अशी बोलली. "हिच्यावर माझा विश्वास आहे. मार्गळीत हीच गाईल."

आणि तिनं श्रुतिबॉक्स लावला.