एकशे साठच्या आत

बेदियाकोंनी वाकून बटण दाबलं आणि कंबर धरत ते पुन्हा खुर्चीत बसले. समोरच्या बुटक्या स्टुलावर त्यांचा धाकटा भाऊ ओडुरो अंग चोरून बसला होता. त्याच्या डाव्या मनगटावरचा पट्टा घरघरत फुगला. तो हात त्याने स्टुलाच्या कडेने खाली, जवळजवळ जमिनीपर्यंत सोडला होता आणि अंगावरच्या कापडाची कड त्यावर ओढून घेतली होती.

यंत्र वाजलं. ओडुरोने ते उजव्या हाताने सोडवलं आणि उजव्याच हाताने पुढे केलं.

“एकशे अठ्ठ्याहत्तर,” बेदियाको म्हणाले. “शाबास. काल एकशे चौऱ्याहत्तर होता. पपईचं झाडसुद्धा एवढं भराभर वाढत नाही.”

“मीठ सोडलंय, दादा.”

“आणि अक्कल? ती तर जन्मतानाच सोडून आलास.”

ओडुरोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येणार होते, त्यानंतर थेट पुढच्या वर्षी. रक्तदाब जास्त म्हणून त्यांनी त्याला दोनदा परत पाठवलं होतं. या वेळी नर्सने यंत्र देऊन बजावलं होतं : घरी रोज डाव्याच मनगटावर मोजा, शेवटचे तीन दिवस वरचा आकडा एकशे साठच्या आत हवा. ओडुरोला ना आकडे दिसत, ना बटण. म्हणून रोज सकाळी हे काम बेदियाकोंकडे येई. आज रविवार होता.

बेदियाकोंनी तीस वर्षं कोकोच्या बियांची प्रत ठरवली होती. शंभर बिया कापायच्या, बुरसटलेल्या मोजायच्या, पोतं बाद करायचं. भावाला त्यांनी फार पूर्वीच बाद केलं होतं. दोष यंत्राचा नाही, त्याचाच आहे हे भावाला एकदाचं दाखवून द्यावं म्हणून त्यांनी यंत्रासोबतची पुस्तिका उघडली. तिसऱ्या पानावर चित्र होतं.

“गाढवा, हात छातीशी धरायचा असतो. खाली सोडला की आकडा चढतो. पाण्याची टाकी उंचावर का ठेवतात, हा प्रश्न तुला कधी पडलाच नाही ना?”

“नर्सबाईंनी दाखवलं होतं मला.”

“मग?”

कापडाखाली हात आणखी आत सरकला.

“तुमच्यासमोर, दादा? डावा?”

बेदियाकोंनी पुस्तिका मिटली. मोठ्यांसमोर डावा हात पुढे करणं हा त्यांच्यात अपमान होता. डाव्या हाताने वाट दाखवली म्हणून गेल्याच महिन्यात घराण्याचे ‘नाना’, म्हणजे प्रमुख, या नात्याने त्यांनी याच अंगणात एका जावयाला मेंढा दंड लावला होता. तो मेंढा दोरीला धरून आणला होता ओडुरोने.

“मी परवानगी देतो. उचल.”

हात बेंबीपर्यंत आला आणि आपोआप खाली गेला.

“जमत नाही.”

“डोळे जातील.”

“हो.”

“हो म्हणतोय! बावळट.”

बेदियाको उठले. त्यांनी पट्टा पुन्हा त्याच्या मनगटावर आवळला, बटण दाबलं, जड खुर्ची ओढत फिरवली आणि भावाकडे पाठ करून भिंतीसमोर बसले.

“आता उचल. तुझं तोंड बघून माझाही दाब वाढतो.”

मागे घरघर चालली होती, ती थांबली. उजव्या खांद्यावरून यंत्र पुढे आलं. बेदियाकोंनी आकडा वाचला. मग मनातल्या मनात आणखी एकदा वाचला.

“एकशे पन्नास.”

“खरंच, दादा?”

“मी कधी तुझी स्तुती केली आहे? पन्नास म्हणजे पन्नास. पण एका आकड्यावर ते लोक विश्वास ठेवायचे नाहीत. पाच मिनिटं गप्प बस, मग पुन्हा.”

त्यांनी खुर्ची फिरवली नाही.

रस्त्याने कसावाच्या कंदांची पाटी डोक्यावर घेऊन शेजारची आमा चालली होती. फाटकाशी ती थबकली.

“नाना, भिंतीकडे तोंड करून का बसलात?”

“या घरात बघण्यासारखं तेवढंच आहे,” बेदियाको म्हणाले. “आणि हळू बोल, बाई. मोजमाप चाललंय.”