आईच्या मनगटापर्यंतचं झाड

मी एक जुनी बाबागाडी आहे. हसू नका, मित्रांनो. चार चाकांपैकी तीन अजून माझी स्वतःची आहेत, चौथं एका भाजीच्या ढकलगाडीचं. त्यामुळे मी जराशी डावीकडे ओढते, आणि त्यापायी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. छापखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला त्यांच्या लेकीसाठी घेतलं. तिला सगळे चिमणी म्हणत. दीड वर्ष मी तिला फिरवलं, झोपवलं, तिचं दूध अंगावर सांडून घेतलं. मग बाईसाहेब चालायला लागल्या आणि माझी रवानगी इमारतीच्या जिन्याखाली झाली. आता भंगारात जाणार, अशी मी मनाची तयारीसुद्धा केली होती.

मला वाचवलं नाताळच्या झाडाने. घरात मोटार नव्हती आणि बसवाला झाड चढवू देईना. तेव्हा चिमणीच्या आईने मला बाहेर ओढलं, माझी छत्री काढून टाकली आणि बुंधा पुढे, शेंडा मागे असं झाड माझ्यावर बांधलं. बुंधा पुढे असला की फांद्या वाऱ्याने मिटतात, मोडत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तेव्हापासून दरवर्षी झाड आणायचा मान माझा. रस्त्यातली माणसं बाजूला होऊन वाट देत. मला तर आभाळ ठेंगणं व्हायचं.

झाड निवडायचं काम आईचंच. त्यांचं घर तीन पायऱ्या उतरून, छत इतकं बुटकं की आईने हात वर केला की बोटं टेकत. आई झाडाशेजारी उभी राहून हात वर करायची. शेंडा मनगटाला लागला की झाड पसंत. वरची पंजाभर जागा स्टँडसाठी आणि चांदणीसाठी. मोकळ्यावर झाडं लहानच दिसतात, विकणाऱ्याचं ऐकायचं नाही, असं ती म्हणे. सात वर्षांत तिचा हात एकदाही चुकला नाही.

आठव्या वर्षी सप्टेंबर संपता संपता ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. मित्रांनो, याहून जास्त मला सांगवत नाही.

यंदा झाड नको, असं बाबा म्हणाले. चिमणीने जेवण सोडलं. तिला दुसरं काहीच नको होतं. आई आणायची तसंच, अगदी तेवढंच झाड हवं होतं. शेवटी बाबांनी मला बाहेर काढलं. शेजारचे टॅक्सीवाले काका झाड टपावर टाकून आणतो म्हणत होते, पण चिमणीने नुसती मान हलवली आणि माझा दांडा धरला.

झाडवाल्याने विचारलं, किती उंच हवं? बाबांनी एका झाडाशेजारी उभं राहून हात वर केला, मग गुडघे जरा वाकवले.

"ती माझ्या खांद्यापर्यंत यायची," ते म्हणाले.

"नाही बाबा, कानापर्यंत."

"खांद्यापर्यंत गं."

"कानापर्यंत. मला माहीत आहे."

तिला जाऊन अजून अडीच महिनेही झाले नव्हते, आणि ती केवढी होती यावर दोघांचं एकमत होईना. झाडवाला उगाचच दोरी गुंडाळत बसला. निघताना छत मोजून घ्यावं, हे कुणालाच सुचलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. बाबांनी लेकीचं ऐकून मोठं झाड घेतलं.

घरी उभं केलं तर शेंडा छताला टेकून वाकला. चांगलं वीतभर जास्त होतं. बाबांनी करवत आणली. चिमणी आडवी आली.

"कापू नका ना, बाबा. मग आई लहान होईल."

बाबांनी करवत खाली ठेवली, माझ्या दांड्यावर डोकं टेकलं आणि ते रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. झाड तसंच वाकून उभं राहिलं. त्यानंतर त्या घरात झाड आलं नाही. मी पुन्हा जिन्याखाली गेले, गंजले. ते चालायचंच.

तुम्हाला वाटेल, म्हातारी आता चाकांना तेल मागणार. मला तेल नको. त्या घराच्या दाराच्या चौकटीवर चिमणीच्या प्रत्येक वाढदिवसाची उंची लिहिलेली आहे, नऊ खुणा. आईची एकही नाही, कारण पेन्सिल नेहमी तिच्याच हातात असायची. आज घरी गेलात की तुमच्या आईच्या हातून पेन्सिल काढून घ्या आणि तिला चौकटीशी उभं करा. ती हसेल, कामं पडली आहेत म्हणेल. तिला सोडू नका.