दोरी मागे सरळ होईपर्यंत

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझा कुठलाही विद्यार्थी सांगेल. बावीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर गळाला पिसांची खोटी माशी लावून मासे धरायला शिकवते. पाणी नंतर, आधी गवत. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधायचा आणि काखेत वही धरायची, म्हणजे कोपर अंगाशी राहतं. गळाच्या काठीने दोरी मागे फेकायची, ती हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. इतकंच तर आहे. पण या थांबण्यापाशीच सगळ्यांचं घोडं पेंड खातं.

यंदा एक निवृत्त बस ड्रायव्हर आला. मनगट भक्कम, वही एकदाही पडली नाही. थांबण्याचं मात्र नाव नको. दोरी मागे जाते न जाते तोच गडी पुढे. चाबकासारखा आवाज व्हायचा आणि लोकर तुटून गवतात. पहिल्याच दिवशी अकरा तुकडे गेले. ड्रायव्हरसाहेब, आता माझा स्वेटर उसवू का, असं मी विचारलं. तो हसला नाही.

तिसऱ्या शनिवारी पाणी पिता पिता त्याने आपण होऊन सांगितलं. त्याची मुलगी मासे धरण्यात पटाईत. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला निघालेली ती त्याच्याच बसमागे धावत होती. आरशात त्याला दिसलीही होती. पण बसला दोन मिनिटं उशीर झाला होता, म्हणून तो थांबला नाही. तिचा पेपर बुडाला, वर्ष गेलं. तेव्हापासून बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं, त्याला चौदा वर्षं झाली. आता तिने पुढच्या रविवारी त्याला नदीवर बोलावलं होतं.

“तिच्यासमोर दोरीचा गुंता झाला तर ती हसणार नाही हो, बाई,” तो म्हणाला. “नुसती गप्प बसेल.”

त्याला धीर द्यायला हवा होता. पण मला येतं काय, तर ओरडणं. पुढच्या शनिवारी, शेवटच्या तासाला, मी आणखी मोठ्याने आकडे मोजू लागले. एक, दोन, आणि पुढे. मान वळवायची नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. थोड्या दोरीला ते जमलं. नदीसाठी म्हणून जास्त दोरी सोडली, तर पुन्हा फटाक. लोकर गेली.

शेवटी तो वैतागला. आरशाशिवाय मागचं कळणार कसं, म्हणाला, आणि सरळ मान वळवून दोरीकडे बघू लागला. मी ओरडणार, इतक्यात दोरी मागे पूर्ण उलगडली, लोकरीचं टोक ताठ झालं, आणि मगच त्याचा हात पुढे आला. दोरी अलगद गवतावर आडवी झाली.

“शेवटचा माणूस चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही,” तो म्हणाला. “नोकरीत पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.”

मी खजील झाले. लांब दोरीला जास्त वेळ लागणार, हे साधं गणित. आणि मी बावीस वर्षं सगळ्यांच्या गळी एकच मोजणी उतरवत होते. माझं चुकलं, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याचा विश्वास बसेना.

मग त्याने सलग नऊ वेळा दोरी नीट टाकली. दहाव्या वेळी मान वळवली आणि तो तसाच राहिला. मागे फाटकाशी एक बाई उभी होती. बापाला न्यायला मुलगी एक दिवस आधीच आली होती. त्याचा हात काही पुढे येईना. सगळी दोरी खाली येऊन त्याच्या खांद्यावर, पायांत, वहीभोवती गुंडाळली गेली. एवढा मोठा गुंता मी जन्मात पाहिला नव्हता.

मुलगी जवळ आली. तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच.

“इतकं नाही थांबायचं, बाबा,” ती म्हणाली, आणि त्याच्या पायाशी बसून गाठी सोडवू लागली. तोही खाली बसला.

चूक कुठे झाली ते सांगायचं राहिलं. मी गवतात लोकरीचे तुकडे शोधत बसले.