एकोणऐंशीच्या पुढचा आकडा

शकूचा जगातल्या कुठल्याही गल्ल्यावर विश्वास नव्हता. गल्ल्यामागं बसलेलं माणूस एक तर चोर असतं नाहीतर ठोंब्या, आणि ठोंब्याचं सोंग घेतलेला चोर तर सगळ्यांत वाईट, असं तिचं ठाम मत होतं. हल्ली या मताला रोज नवा पुरावा मिळत होता. औषधांच्या दुकानातला दाढीवाला पोरगा शंभरातून पंचावन्न वजा करायला मोबाइल काढायचा. बेकरीत त्र्याऐंशी रुपये झाले म्हणून तिनं एकशे तीन दिले, म्हणजे विसाची नोट परत येईल आणि सुट्ट्यांची कटकट मिटेल. तर तिथल्या शहाण्यानं "आजी, हे जास्त आले" म्हणून वरचे तीन परत केले आणि मग सतरा रुपये सुट्टे नाहीत म्हणून तिच्यापुढं चॉकलेटं ठेवली. "माझे दात बघितलेस का?" एवढंच शकूनं विचारलं आणि सतरा रुपये घेतल्याशिवाय ती तिथून हलली नाही.

पण सध्या तिचा सगळा रोख होता सोसायटीच्या गेटासमोरच्या मार्टवर, आणि तिथंही कॅशवर बसणाऱ्या ऋतिकावर. ऋतिका विशीतली होती. नखांना निळा रंग, कानात सदानकदा ते गाण्याचं पांढरं बोंड, आणि बोलताना निम्मं इंग्रजी. आकडे तर सगळेच इंग्रजीत.

शकूनं तिची एकदा परीक्षाही घेतली होती. साखर, चहा आणि साबणाचे मिळून एकशे पंचाहत्तर झाले, तेव्हा ती मुद्दामच म्हणाली, "पावणेदोनशे ना?"

ऋतिकानं पडद्याकडं पाहिलं. "नाही आजी, वन सेवेंटी फाइव्ह."

"तेच म्हणतेय मी."

"पावणे म्हणजे कमी ना? मग टू हंड्रेडला किती कमी?"

शकूनं दोनशेची नोट पुढं केली आणि नजर तिच्या बोटांवर रोखली. पोरीनं बटणं दाबली, खोडली, पुन्हा दाबली आणि पंचवीस रुपये परत दिले. अगदी बरोबर. शकूला त्याचाच जास्त राग आला. माझ्यासमोर बरोबर देते, म्हणजे माणूस बघून काम चालतं हिचं, असा निष्कर्ष काढून ती घरी आली.

कारण तिच्या नवऱ्याला ती पोरगी नागवत होती, याबद्दल शकूला तिळमात्र शंका नव्हती.

आप्पासाहेब शहरातल्या बसवर कंडक्टर होते. सगळी नोकरी स्वारगेटहून सुटणाऱ्या गाड्यांवर गेली. गाडीत मुंगीला शिरायला जागा नसायची, तरी एका हातानं वरची दांडी धरून दुसऱ्या हातानं सुट्टे देताना त्यांची कधी चूक झाली नाही. त्यांची रीत कंडक्टरांची होती. वजाबाकीच्या भानगडीत पडायचं नाही. तिकिटाच्या आकड्यापासून वर मोजत जायचं, एकेक नाणं ठेवत जायचं, आणि उतारूनं दिलेल्या नोटेपर्यंत पोचलं की हिशेब मिटला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाटणीच्या जमिनीवर बिल्डरनं इमारती उठवल्या, त्यांतल्याच एकीत नवरा-बायको राहायला आली. आता आप्पासाहेबांकडं काम असं एकच उरलं होतं. संध्याकाळी धुतलेला शर्ट घालायचा आणि मार्टमधून सामान आणायचं.

परत आले की ते खुशीत असायचे. "आज पुन्हा दहा जास्ती दिले व्हते पोरीनं," पिशवी टेबलावर ठेवत ते सांगायचे. "मी म्हणलं, बाई, दुसऱ्याचा पैसा आपल्याला पचायचा नाय. परत केले. आजकालच्या पोरांना गणित म्हणून येत नाय बघ."

मग शकू बिल बघायची, त्यांच्या खिशातली मोड ओट्यावर ओतायची आणि मोजायची. दहा रुपये कमी असायचे. रोज नाही, पण कमी असले की दहाच.

तिनं त्यावरून एक अख्खी गोष्टच रचली होती. पोरगी आधी पैसे बरोबर देते. मग म्हाताऱ्याला बोलण्यात गुंतवते, नोटा इकडच्या तिकडं करते आणि दहा जास्त गेल्यासारखं दाखवते. म्हातारा इमानदार. तो आपल्या हातानं दहा काढून देतो, वर शाबासकी मिळाल्यासारखा घरी येतो. चोरी करायची आणि वर माणसाला साव असल्याचा आनंद द्यायचा, म्हणजे पोरगी पोचलेलीच म्हणायची. शकूला ही गोष्ट रचताना रागाबरोबर थोडं बरंही वाटायचं, आणि का बरं वाटतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मध्यंतरी तिचा मुलगा विश्वजीत खराडीहून जेवायला आला होता. आप्पासाहेबांनी त्याला आमटीचा एक वाडगा संपायच्या आत "गाडी कुठं लावलीस?" हे पुन्हा पुन्हा विचारलं. जाताना विश्वजीतनं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बाबांना एकदा डॉक्टरांकडं नेऊ. आणि तोपर्यंत त्यांच्या हातात कॅश देऊ नकोस. सामान मी ॲपवरून मागवत जाईन, घरपोच येतं."

"तुझ्या बापानं निम्म्या पुण्याला सुट्टे दिलेत," शकू म्हणाली. "तू आपली गाडी बघ, बरोबर जागी आहे का."

तो गेला, पण त्याचं बोलणं काही गेलं नाही. पोरगी चोर असली तर आप्पासाहेब ठणठणीत होते. पोरगी चोर नसली, तर पुढचं शकूला मनातसुद्धा बोलवत नव्हतं. तिला ती पोरगी चोर निघायला हवी होती. देवाकडं कुणी कुणासाठी असं मागत नाही, पण शकूनं दिवा लावताना मागितलंसुद्धा.

शेवटी ती मार्टच्या मालकाकडं गेली. अनिरुद्ध नावाचा पस्तिशीतला गृहस्थ होता, शर्टाच्या खिशाला पेन लावून मागच्या खोलीत बसायचा.

"तुमची ती कॅशवरची मुलगी हातचलाखी करते," शकू सरळ म्हणाली.

अनिरुद्धनं पेन खाली ठेवलं. "काकू, गंमत म्हणजे तिची कॅश कमी येत नाही. जास्त येते. अधूनमधून, बरोबर दहा. मी तिला दोनदा झापलंय. जास्त आली म्हणजे कुठल्या तरी गिऱ्हाइकाला कमी गेली ना?"

गल्ल्यातच पैसे ठेवणारा चोर शकूनं कधी ऐकला नव्हता. पण तिनं लगेच तेही जुळवून घेतलं. नेता आले नसतील. मालक मागच्याच खोलीत बसलेला असतो.

"तेच सांगतेय मी," ती म्हणाली. "त्या कमी मिळालेल्या गिऱ्हाइकाची मी बायको."

"ठीक आहे. आता पुन्हा असं झालं तर तिला कॅशवरून काढतो. माझ्याकडं तिसरी संधी नसते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पासाहेब धुतलेला शर्ट घालून निघाले, आणि थोड्या वेळानं शकूही मागोमाग गेली. कपडे धुण्याच्या पावडरींच्या रॅकमागं उभं राहिलं की कॅश काउंटर नीट दिसायचं. तिनं एक पुडा हातात घेतला आणि त्यावरची अक्षरं वाचत असल्यासारखी उभी राहिली. या वयात नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणून तिला लाज वाटत होती. पण पाळत नवऱ्यावर नाही, त्या पोरीवर आहे, असं तिनं स्वतःला बजावलं.

"सेवेंटी सेव्हन, आजोबा," ऋतिका म्हणाली.

"सत्त्याहत्तर म्हण की गं." आप्पासाहेबांनी शंभराची नोट दिली.

ऋतिकानं कानातलं बोंड काढून ठेवलं, हे शकूच्या नजरेतून सुटलं नाही. मग तिनं दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची तीन नाणी काउंटरवर वेगवेगळी मांडली, सावकाश, एकेक दिसेल अशी. तेवीस रुपये. शकू डोळ्यांत तेल घालून बघत होती. आता नोट सरकवेल, आता बोलण्यात गुंतवेल. पोरीनं दोन्ही हात मागं घेतले.

आप्पासाहेबांनी आपल्या रीतीनं मोजायला सुरुवात केली. पहिलं नाणं उचललं. "सत्त्याहत्तर झाले. हे अठ्ठ्याहत्तर." दुसरं नाणं. "एकोणऐंशी." तिसरं नाणं त्यांनी बोटात धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. "नव्वद," ते म्हणाले. दहाची एक नोट उचलली. "आणि हे शंभर." सगळं खिशात गेलं. काउंटरवर दहाची एक नोट उरली.

"घ्या. पुन्हा दहा जास्ती," आप्पासाहेब हसून म्हणाले आणि ती नोट त्यांनी पोरीकडं सरकवली.

शकूच्या हातातला पुडा खाली पडला. त्यांच्या मोजण्यात ऐंशी आलेच नव्हते. एकोणऐंशीवरून त्यांनी थेट नव्वदावर पाय टाकला होता, आणि मधली पायरी गेल्याचं त्यांना समजलंही नव्हतं. तिनं रचलेली सगळी गोष्ट त्या एका आकड्यात संपली. तिला रडू आलं नाही. खूप भीती वाटली.

"आजोबा, बरोबर आहेत," ऋतिका हळूच म्हणत होती. "ठेवा ना तुम्ही. प्लीज."

"नाय, नाय. सवय लागंल तुला."

पुड्याच्या आवाजानं दोघांनीही मान वळवली. "अगं शकू! तू कधी आलीस?" आप्पासाहेबांचा चेहरा खुलला. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं आणि अनिरुद्ध बाहेर आला. काउंटरवर एकटी पडलेली दहाची नोट त्यानं पाहिली.

"आजही?"

"सर, मी ट्वेंटी थ्रीच दिलेत. मशीनवर बघा."

"मशीनवर काय द्यायचे ते दिसतं. काय दिलेस ते दिसत नाही." तो शकूकडं वळला. "काकू, तुम्ही इथंच होतात. खरं सांगा. हिनं किती दिले?"

आप्पासाहेब कौतुकानं बायकोकडं बघत होते. पैशाच्या बाबतीत शकूचा शब्द म्हणजे शेवटचा, हे त्यांनीच सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. ऋतिकाही तिच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसत होती. शेवटी कुणीतरी बघणारं माणूस भेटलं, अशी.

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मग अनिरुद्धनं सगळ्यांसमोर आप्पासाहेबांना समजावलं असतं, आजोबा, ऐंशी राहिले. रात्री विश्वजीतला कळवावं लागलं असतं. उद्यापासून सामान घरपोच आलं असतं, आणि धुतलेला शर्ट घालून आप्पासाहेब खिडकीत बसले असते.

"तेहेतीस," शकू म्हणाली. "तेहेतीस दिले होते हिनं. मी पाहिलं."

ऋतिकाचं तोंड उघडलं. तिनं शकूकडं पाहिलं, मग आप्पासाहेबांकडं. ते तिच्याकडं बघून मान हलवत होते, नातवंडाचं उत्तर चुकलं की हलवावी तशी, मायेनं. पोरीनं तोंड मिटलं.

"सॉरी सर," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

"कमी काय नि जास्त काय, चूक ती चूकच. उद्यापासून गोदामात पॅकिंगला. कॅशला हात लावायचा नाही." अनिरुद्धचा फोन वाजला, तो बोलत बोलत मागच्या खोलीत निघून गेला.

आप्पासाहेब अस्वस्थ झाले. "हे काय झालं? अगं, मी तक्रार नव्हती केली. आम्हीसुद्धा नवे असताना चुकायचो. हिशेब कमी भरला तर पदरचे घालायला लागायचे." ते काउंटरवर वाकले. "घाबरू नको पोरी. मी शिकवतो तुला. मग तूच जाऊन सांग त्याला, आता येतंय म्हणून. मशीन नको, काय नको. फकस्त वर मोजत जायचं." त्यांनी खिशातून तीन नाणी काढून पुन्हा मांडली. "म्हण माझ्यामागं. सत्त्याहत्तर."

"अहो, चला आता घरी," शकू म्हणाली.

"थांब गं जरा. म्हण."

"सत्त्याहत्तर," ऋतिका म्हणाली.

"अठ्ठ्याहत्तर."

"अठ्ठ्याहत्तर."

"एकोणऐंशी."

"एकोणऐंशी."

"आता पुढचा तू सांग." त्यांनी तिसऱ्या नाण्यावर बोट ठेवलं आणि वाट बघत राहिले.

ऋतिकानं त्या नाण्याकडं पाहिलं. तिला पुढचा आकडा येत होता, आणि आप्पासाहेब कुठला ऐकायला थांबलेत हेही तिला ठाऊक होतं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"नव्वद," ती म्हणाली.

"शाब्बास. बघ, आलं का नाय?" आप्पासाहेबांनी काउंटरवर थाप मारली.

ऋतिकानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती शकूकडं बघत होती.

"बरोबर आहे ना, आजी?"

शकूला त्या पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना. ती नाण्याकडं बघत राहिली. आप्पासाहेब उत्तराची वाट बघत होते, पोरगीही बघत होती, आणि दोघांपैकी एकाला तरी तिला आज फसवणं भाग होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नव्वदच."