आईच्या नावाचा अर्थ

थोरलीला एक खोड होती. कुणी नवी बाई भेटली की आधी तिचं नाव विचारायची आणि मग त्या नावाचा अर्थ त्या बाईलाच सांगायची. आता तुम्हीच सांगा, एखादी बिचारी दवाखान्यात गुडघा धरून बसलीय, तिला आपल्या नावाचं मूळ ग्रीक आहे हे ऐकून काय करायचंय? पण थोरलीला राहवायचंच नाही. मार्गारेट म्हणजे मोती, लैला म्हणजे रात्र, हाना म्हणजे जपानीत फूल, व्हेरा म्हणजे रशियनमध्ये श्रद्धा. बाई खूश झाली तर ठीक, नाही झाली तरी हिचं चालूच.

अर्थात, तिचं कामच ते होतं. ती एका लहानशा प्रकाशनसंस्थेत संपादक होती आणि मालकांनी तिच्या गळ्यात एक जाडजूड पुस्तक घातलं होतं: जगभरातल्या मुलींची नावं, त्यांचे अर्थ आणि मूळ. नव्या आईबापांना असली पुस्तकं हवीच असतात. मालक म्हणायचे, "अर्थ जरा गोड करून लिहा हो, पुस्तक भेट म्हणून द्यायचं असतं." थोरली ऐकतेय थोडीच! कचेरीतल्या हिशेबनीस बाईंनी एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं की नातीचं नाव सिसिलिया ठेवलंय. ही खुर्चीतून न उठता म्हणाली, "मूळ लॅटिन. आंधळी." हिशेबनीस बाईंनी त्यानंतर हिच्याशी बोलणं टाकलं. "मग काय खोटं सांगू?" हा थोरलीचा ठरलेला सवाल. खरं बोलणं वेगळं आणि जिभेला हाड नसणं वेगळं, हे तिला कुणी सांगायचं?

त्या अख्ख्या पुस्तकात एकच नाव तिनं तपासून न घेता घातलं होतं. ते आईचं.

आईचं नाव आजोबांच्या डोंगराकडच्या भाषेतलं. आई अंगावर पीत होती तेव्हाच आजोबा पोट भरायला शहरात आले आणि ती भाषा मागेच राहिली. आईला त्यातला एक शब्द येत नव्हता, आपल्या नावाखेरीज. त्याचा अर्थ आजोबांनी तिला सांगितला होता: चांदणं. आई दिसायला सावळी, नाक बसकं, शाळेत पोरी चिडवायच्या, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" तशी ती मान वर करून सांगायची, माझं नाव सोनूबाई नाही, माझं नाव चांदणं आहे. हे तिनं मुलींना इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना पाठ झालं होतं. थोरलीनं प्रेमानं पुस्तकात घातलं: चांदणं.

आणि मग गुरुजींचा फोन आला. गुरुजी म्हणजे त्या डोंगराकडचे एक निवृत्त मास्तर. त्या भाषेची नावं मालक त्यांच्याकडून बघून घेत.

"बाई, बाकी सगळं बरोबर आहे," गुरुजी म्हणाले, "पण हे एक चांदणं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"का हो?"

"त्याचा अर्थ 'पाठीवर भाऊ आण'. पोरीवर पोरी झाल्या की शेवटचीला हे नाव ठेवायचे आमच्याकडे. आमच्याकडेच असं नाही म्हणा. तुमच्याच पुस्तकात आहे की ते चिनी."

होतंच. झाओदी, म्हणजे धाकट्या भावाला बोलाव. आणि तुर्की येतेर, म्हणजे पुरे. पुरे झाल्या मुली! थोरलीनंच त्यावर एक पान लिहिलं होतं, 'नकोशा मुलींची नावं' असा मथळा देऊन, आणि मालकांनी ते गाळा म्हटल्यावर तावातावानं भांडली होती.

"गुरुजी, ते माझ्या आईचं नाव आहे," ती म्हणाली.

"अरेरे," गुरुजी म्हणाले. " मग चांदणंच राहू द्या. कोण बघतंय?"

"छे, छे. खोटं कसं छापायचं?" सवयीनं बोलून गेली, पण फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. तिनं ते नाव पुस्तकातून काढूनच टाकलं. आईला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, हे आपल्या पोटात राहील आणि आपल्याबरोबरच जाईल, असं तिनं ठरवलं. मनापासून ठरवलं हो! हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की ही बाई मुळातच दुष्ट. तशी ती नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटी बाळंत झाली. लग्नानंतर फार वर्षांनी, फार औषधपाणी करून झालेली मुलगी. दुपारी थोरली कचेरीतून परस्पर दवाखान्यात गेली. खोलीत धाकटी उशीला टेकून बसलेली, आई खुर्चीत बाळ मांडीवर घेऊन, आणि नर्स धाकटीचा रक्तदाब बघत होती.

"ये ये," धाकटी म्हणाली, "तुझीच वाट बघत होतो. नाव ठरलं! आईचं ठेवतोय."

आईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतकी ती खूश होती. सत्तरीची बाई लहान पोरीसारखी लाजत होती. नर्सनं विचारलं, आजी, काय अर्थ हो तुमच्या नावाचा? आईला तेवढंच हवं होतं. आजोबा, डोंगर, चांदणं, सगळं सांगून झालं. आणि मग हसत हसत म्हणाली, "ही आमची थोरली, नावांची पुस्तकं लिहिते. हजारो नावं माहीत आहेत हिला. पण स्वतःच्या लेकीच्या वेळी माझं नाव काही सुचलं नाही हो हिला. सुचलं ते आमच्या धाकटीलाच."

आई थट्टेत बोलली होती. पण थोरलीच्या वर्मी लागलं, कारण खरंच होतं ते. तिच्या लेकीच्या वेळी तिनं अर्थ बघून, मूळ बघून, ऐटीत एक ग्रीक नाव शोधून काढलं होतं. आईचं नाव तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तेव्हा आई काही बोलली नव्हती. म्हणजे इतकी वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं तर! आणि धाकटी बघा, काही न करता सगळं घेऊन बसली. लहानपणापासून हे असंच.

"पण आई," थोरली म्हणाली, "त्याचा अर्थ चांदणं नाहीये."

इथं तरी थांबायचं! धाकटीनं डोळे मोठे केले, नर्सनं मान वळवली. पण थोरलीच्या तोंडून पुस्तकातल्या आवाजात, मूळ-अर्थ-टीप अशा क्रमानं, सगळं बाहेर आलं. मुलींवर मुली झाल्या की ठेवायचं नाव. पाठीवर भाऊ आण. तज्ज्ञांकडून तपासून घेतलंय.

नर्सनं रक्तदाबाचं यंत्र गुंडाळलं आणि ती निघून गेली.

"असं होय," आई म्हणाली. तिनं बाळाचं दुपटं नीट केलं. ते नीटच होतं. "बरं झालं बाई, वेळेवर कळलं. नाहीतर पोरीच्या गळ्यात पडलं असतं."

थोरली पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाण सुटला होता, आता धनुष्य मोडून काय उपयोग?

रात्री धाकटीचा फोन आला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"थोडे दिवस झाले."

"मग इतके दिवस गप्प बसलीस ना? आजच का? ताई, तुला खरं सांगायचं नव्हतं. तुला माझ्या हातातलं काढून घ्यायचं होतं."

धाकटी बरोबर बोलत होती, अगदी शब्दन् शब्द बरोबर.

पुढचे दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळाच्या पाळण्याला दवाखान्यानं अडकवलेल्या पट्टीवर नुसतं 'मुलगी' एवढंच होतं, आणि धाकटी बाळाला तसंच घेऊन घरी गेली. कचेरीत पुस्तकाची शेवटची पानं लावणं चाललं होतं. पानं लावणारा, ज्याला सगळे दाढी म्हणत, त्यानं तिचा चेहरा बघून विचारलं. तिनं सांगून टाकलं. दाढी म्हणाला, "हात्तिच्या! खरं तेच सांगितलंत ना? मग कशाला जिवाला लावून घेता?" तिचंच वाक्य तिला परत मिळालं, आणि पहिल्यांदाच तिला ते किती घाणेरडं लागतं ते कळलं. पडद्यावर नावांच्या ओळी सरकत होत्या. आयरीन, शांती. डोलोरेस, दुःखं. क्लॉडिया, लंगडी. कोणा कोणाच्या आया होत्या या, आणि त्यांना कुणी काय सांगितलं होतं? तिला पुढचं पान बघवेना. ती उठली आणि तडक आईकडं गेली.

जिना चढता चढता तिनं ठरवलं, खोटं बोलायचं. आयुष्यात एकदा तरी बोलायचं.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. थोरली समोर बसली, एक शेंग उचलली आणि एका दमात म्हणाली, "आई, त्या गुरुजींची चूक झाली होती. त्यांनी दुसरंच नाव बघितलं. आजच फोन आला. चांदणंच आहे."

आईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुला खोटं बोलता येत नाही गं. लहानपणी दूध ओतून द्यायचीस तेव्हाही कान लाल व्हायचे. आत्ताही झालेत."

थोरलीनं शेंग खाली ठेवली. "चुकलं माझं, आई. मला धाकटीचा राग आला होता. तुझाही. मी मुद्दाम बोलले."

"ते कळलं मला तेव्हाच." आई शेंगा सोलत राहिली. "आणि आणलाच की मी भाऊ. तुझा मामा. नावाला जागले बघ! सहा वर्षांची होते तेव्हा कडेवर घेऊन फिरायचे त्याला." ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "मला एकच वाटतं, बाबांना ठाऊक असणार. त्यांनी आपल्या मनानं चांदणं केलं. मी रडत घरी आले असेन कधीतरी, तेव्हा केलं असेल."

"हो ना. किती प्रेम होतं त्यांचं तुझ्यावर," थोरली घाईघाईनं म्हणाली. तिला पाय टेकायला तेवढीच जागा दिसली.

"होतंच. पण माझं निराळंच चाललंय डोक्यात." आईनं सालं एका बाजूला केली. "तू झालीस ना, तेव्हा तुझी आजी, माझ्या सासूबाई, दारातच म्हणाल्या, मुलगी झाली, आता हिचं नाव असं ठेवा की पाठीवर मुलगा येईल. नावसुद्धा काढून ठेवलं होतं त्यांनी. तुझे बाबा गप्प. आजींसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच, मी तोवर त्या घरात मोठ्यानं शिंकलेसुद्धा नव्हते. पण मी तुला घट्ट धरलं आणि म्हटलं, असली नावं पोरींना ठेवतात होय? माझ्या बापाला बघा, तिसरी मुलगी झाली तरी चांदणं म्हणाला. मी चांदणं आहे आणि माझ्या पोटी उजेडच येणार. आणि तुझं नाव उजेडाचं ठेवलं. त्यानंतर आजी माझ्याशी वर्षभर धड बोलल्या नाहीत, पण नाव काही बदललं नाही."

थोरलीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. आपल्या नावाचा अर्थ तिला ठाऊक होता, मूळही ठाऊक होतं, पुस्तकात होतं ते. हे नव्हतं.

"एवढं बळ मला कुठून आलं असेल, सांग," आई म्हणाली. "त्या एका शब्दावर उभी होते मी. तेव्हा कुणी मला खरं सांगितलं असतं ना, तर मी मान खाली घालून म्हटलं असतं, ठेवा बाई, माझंही तेच आहे."

थोरली रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं नाही आणि दूरही केलं नाही. रागावलेली नव्हती ती, नुसती दमली होती. तिनं मटारचं भांडं दोघींच्या मध्ये सरकवलं.

"रडू नकोस. धाकटीची पोर तशीच राहिलीय बिनानावाची. माझं आता नको. दुसरं चांगलंसं सांग एखादं. तुला तर हजारो येतात."

थोरलीनं डोळे पुसले, तोंड उघडलं. तिला एकही सांगता येईना.