मांडीखाली दाबलेले हात

“ठेवा ती किटली, बाबा! भाजून घ्याल!” हाज बूशायब यांची सून सौमिया स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली.

यामनाचा हातही किटलीकडे झेपावला होता. तिने तो मध्येच आवरला आणि दोन्ही हात सरळ मांडीखाली दाबून टाकले. कोपऱ्यात बसलेली इल्हाम बघत होती. इल्हाम संस्थेत शिकवायची. वयाने यामनाच्या धाकट्या लेकीएवढी, पण आज परीक्षा तीच घेत होती.

मोरोक्कोतल्या मेकनेस शहराच्या त्या वस्तीतली संस्था आजवर गरिबांना जेवण पोचवायची. यामना तिथली जुनी स्वयंसेविका, कांदे चिरण्यात आयुष्य गेलेलं. या वर्षी संस्थेने घरोघरी जाऊन आजाऱ्यांना सांभाळायचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा सगळ्यांआधी नाव दिलं यामनाने. आणि पहिल्या फेरीत नापास झाली तीही यामनाच! अर्धांगवायूतून उठलेल्या या हाज बूशायबना तिने मायेने घास भरवले, तोंड पुसलं, बटणं लावली. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

“तू त्यांना आणखी लुळं केलंस, खाला,” इल्हाम म्हणाली होती.

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिचा नवरा अल्लाल असाच अंथरुणाला खिळला होता, आणि शेवटपर्यंत तिने त्याला साधा पेला हातात धरू दिला नव्हता. गल्ली म्हणायची, बायको असावी तर अशी! आज पुन्हा नापास झाली तर परत कांदेच. कांद्यांचं तिला काही नव्हतं. पण अल्लालच्या बाबतीत जे चुकलं, ते एकदा तरी नीट करायचं होतं.

“सौमिया, बस गं,” ती म्हणाली. “मी पाहुणी. तुमच्याकडे पाहुण्यांना चहा कोण ओततं?”

“पूर्वी बाबाच ओतायचे. पण आता...”

“मग मला त्यांच्याच हातचा हवा.”

“बायांनो, तुमचं भांडण संपेपर्यंत चहातला पुदिना काळा पडेल,” हाज गुरगुरले.

इतके दिवस यामनाने त्यांच्याकडून आधी रिकाम्या, मग गार पाण्याच्या किटलीने सराव करून घेतला होता. आज किटली अर्धीच भरली होती, पेल्यांखाली ओलं फडकं होतं. बाकी सगळं हाजच्या हातात.

पहिली धार तबकात सांडली. सौमियाने “या अल्ला!” करत डोळे झाकले. यामनाने हात आणखी घट्ट दाबले. दुसऱ्या खेपेला पेला भरला, पण हाजनी नाक मुरडलं.

“फेस कुठाय? असला चहा मी शत्रूलाही देत नाही.”

त्यांनी पेला परत किटलीत रिकामा केला आणि किटली उंच धरली. उंचावरून बारीक धार पेल्यात पडली आणि वर पांढरा फेस चढला. सौमिया ओढणीने डोळे पुसू लागली.

“आता काढ हात बाहेर, खाला,” इल्हाम हसली. “पास झालीस!”

पण यामनाच्या हातांना मुंग्या आलेल्या. बोटं पेल्याभोवती मिटेनात.

“काय हो लल्ला यामना,” हाज मानाने हाक मारत म्हणाले, “पाजू का मी?”

सगळं घर हसलं. यामना हसता हसता रडली, आणि पेला दोन्ही तळव्यांत धरून तो चहा तिने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

“आणखी एक ओता,” पेला पुढे करत ती म्हणाली. “माझ्या अल्लालच्या नावाचा.”

हाजनी किटली उचलली. या वेळी जरा जास्तच वर.